उपासले चालस का? बागलाणातला अननस ते मामाचं ड्रॅगन फ्रूट

(हे या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेले 'अं', 'म्हणजे' काढलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आजची गोष्ट सुरू होते दोन क्रेटपासून.

मागच्या सप्टेंबरमध्ये माझा मामा सटाण्याच्या आमच्या घरी आला. मोटरसायकलच्या मागे दोन प्लास्टिकचे क्रेट बांधलेले. ओट्यावर ठेवले आणि म्हणाला, "भाव नाही. आता तुम्हीच खा."

क्रेटमध्ये ड्रॅगन फ्रूट होतं. गुलाबी साल, वर हिरवे खवले. रीलमध्ये तुम्ही हजारदा बघितलंय तेच.

मामाची आधी डाळिंबाची बाग होती. कसमादे पट्टा म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव आणि देवळा. इथे डाळिंबाने घरं बांधली, पोरांची लग्नं लावली. मग तेल्या आला. फळावर तेलकट काळे डाग पडतात, फळ तडकतं आणि हातातोंडाशी आलेला माल मातीत जातो. कितीतरी लोकांनी बागा उपटल्या. मामानेही उपटली आणि त्या अर्ध्या एकरात सिमेंटचे खांब उभे केले. एका खांबाला चार रोपं, वर वेल लटकायला गोल कडं. हा निवडुंगच असल्यामुळे पाणी कमी लागतं. फूल रात्री उमलतं आणि सकाळी मिटतं. त्यानंतर साधारण महिन्याभरात फळ तयार होतं.

सगळं जमलं. फळही आलं. फक्त ते घ्यायला रांग लागली नाही. लोक बघतात, हातात घेतात, फोटो काढतात आणि केळी घेऊन घरी जातात. रोजच्या स्वयंपाकात याचं करायचं काय, हेच कुणाला माहीत नाही.

आमच्याही घरात तेच झालं. आईने एक फळ चिरलं. आत पांढरा गर, काळ्या तिळासारख्या बिया. सगळ्यांनी एकेक फोड खाल्ली आणि एकमेकांकडे बघितलं. वाईट नव्हतं, पण चांगलं काय होतं तेही सांगता येईना.

आजी बाजेवर बसली होती. तिने फोड हातात धरून निरखली आणि विचारलं, "हाई काय शे?"

मी सांगितलं, फळ आहे, ड्रॅगन फ्रूट.

तिचा पुढचा प्रश्न होता, "उपासले चालस का?"

आम्ही सगळे हसलो. पण तेव्हापासून तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. परदेशातून आलेली फळं आपल्या घरात शिरली कशी, हे शोधत गेलो तेव्हा कळलं की आजीने अगदी नेमकं विचारलं होतं.

मुल्हेरच्या मुलखातला अननस

चला, चारशे वर्षांपेक्षा थोडं जास्त मागे जाऊ. पण गाव सोडायचं नाही, इथेच थांबायचं.

सटाण्याहून ताहराबादच्या पुढे गेलं की मुल्हेरचा किल्ला लागतो, आणखी पुढे साल्हेर. तेव्हा इथे बागूल राजांचं राज्य होतं. बागलाण हे नाव त्यांच्याशीच जोडलं जातं. १५९६ मध्ये त्यांच्या दरबारातल्या रुद्रकवीने या घराण्यावर संस्कृतात 'राष्ट्रौढवंशमहाकाव्य' लिहिलं. तिकडे उत्तरेत, त्याच दशकात, अकबराचा दरबारी अबुल फजल 'आईन-ए-अकबरी' लिहीत होता. त्यात सुरत आणि नंदुरबारच्या मधल्या डोंगराळ बागलाणची नोंद आहे. साल्हेर-मुल्हेरची नावं आहेत, आणि इथे उत्तम पिकणाऱ्या फळांची यादी आहे. द्राक्षं आहेत, डाळिंब आहे, सफरचंद आहे.

आणि अननस आहे!

आता याचा अर्थ बघा. अननस मूळचा दक्षिण अमेरिकेचा. युरोपातल्या माणसांना तो पहिल्यांदा दिसला १४९३ मध्ये, कोलंबसाच्या दुसऱ्या सफरीत, कॅरिबियन बेटांवर. पोर्तुगीजांनी तो जहाजातून आशियात आणला. गोवा त्यांच्याकडे १५१० पासून, दमण १५५९ पासून. सुरतेहून बुऱ्हाणपूरकडे जाणारी व्यापाराची वाट बागलाणातून जायची. म्हणजे समुद्रापलीकडचं फळ शंभरेक वर्षांत आपल्या मोसम खोऱ्याच्या मुलखात पोचलं आणि 'इथे हे उत्तम होतं' अशी नोंदही झाली. तेव्हा ना कृषी प्रदर्शन होतं, ना यूट्यूब.

म्हणजे मामा काही पहिला नाही. बागलाणच्या शेतकऱ्याने परदेशी फळ लावून बघणं ही इथली जुनी खोड आहे.

पण आज बागलाण म्हटलं की कुणी अननस म्हणत नाही. डाळिंब म्हणतात, द्राक्ष म्हणतात, कांदा म्हणतात. त्या यादीतली दोन फळं टिकली, अननस मात्र आता आपण बाहेरून आलेला विकत घेतो. त्याला दमट हवा आवडते, आणि ती इथे नाही. म्हणून मला वाटतं, फळ रुजलं म्हणजे काम झालं असं नसतं. शेतात रुजणं वेगळं आणि घरात रुजणं वेगळं. अननसाने बागलाणचं शेत सोडलं, पण मराठी स्वयंपाकघर सोडलं नाही. ते कसं, हे पुढे सांगतो.

आधी नाव लावा

नवीन फळ घरी आलं की आपण पहिली गोष्ट करतो ती म्हणजे त्याला ओळखीच्या कुणाच्या तरी शेजारी बसवतो.

अबुल फजल सांगतो की अननसाला 'कटहल-ए-सफरी' असंही म्हणत. म्हणजे प्रवासी फणस. रोप कुंडीत लावून प्रवासात सोबत नेता यायचं आणि साल फणसासारखी खडबडीत. झाली ओळख.

पेरूचं नाव घ्या. लोकांना वाटतं पेरू देशातून आला म्हणून पेरू. पण शब्दाचा माग जातो पोर्तुगीज 'पेरा'पर्यंत. पेरा म्हणजे नासपती. गंमत अशी की हिंदीतल्या 'अमरूद'चा फारसीत मूळ अर्थही नासपतीच. दोन वेगळ्या भाषांनी एकाच अनोळखी फळाकडे बघून तेच म्हटलं, "अरे, हे तर नासपतीसारखं दिसतंय."

मिरचीचंही तसंच. अमेरिकेतून आली, मिरीसारखी तिखट लागली, म्हणून नाव पडलं मिरची.

सगळ्यात मोठी बाजी मारली सीताफळाने. तेही बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञांच्या मते अमेरिकेच्या उष्ण भागातलं. पण नाव काय मिळालं? सीतेचं! मग त्याच्या भावकीतल्या दुसऱ्या फळाला रामफळ म्हटलं. पुढे लक्ष्मणफळ आणि हनुमानफळही आलं. नाव इतकं मुरलं की आता 'सीताफळ परदेशी' म्हटलं तर घरात भांडण होईल. भांडायला आधारही आहे बरं का. एकोणिसाव्या शतकात अलेक्झांडर कनिंगहॅम यांना भारहूतच्या प्राचीन शिल्पांमध्ये सीताफळासारखं फळ दिसलं होतं आणि त्यावरून अभ्यासकांमध्ये वाद झाला.

आता ड्रॅगन फ्रूट. हे मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. फ्रेंचांनी एकोणिसाव्या शतकात व्हिएतनाममध्ये नेलं, तिथे ते फोफावलं. व्हिएतनामी भाषेत त्याला 'थान लाँग' म्हणतात, त्यात 'लाँग' म्हणजे ड्रॅगन. जानेवारी २०२१ मध्ये गुजरात सरकारने त्याचं नाव 'कमलम' ठेवलं, कारण ते कमळासारखं दिसतं. तेव्हा मीम्सचा पाऊस पडला होता, आठवतंय? पण इतिहास बघितला तर त्यात नवीन काही नव्हतं. फरक एवढाच की पेरूचं नाव कुठल्या सरकारी आदेशाने पडलं नाही. ते बाजारात आणि चुलीपाशी पडलं.

पातेलं खरं सांगतं

नाव मिळालं, आता करायचं काय? इथे खरा इतिहास आहे आणि तो कुठल्या दरबारात लिहिला गेला नाही. कुणाच्या तरी आजीच्या आजीने अननस चिरून दुधात घातला असणार, केळ्याच्या शिकरणासारखा. आणि ते दूध कडू झालं असणार.

हे का होतं? कच्च्या अननसात ब्रोमेलेन नावाचं विकर असतं. ते प्रथिनं तोडतं. दुधात प्रथिनं असतात, ती तुटली की कडवटपणा येतो. अननस खाल्ल्यावर जीभ चुरचुरते, तिथेही याचा हात असतो. पण अननस नीट शिजवला की ब्रोमेलेन निकामी होतं. म्हणूनच आपल्याकडे अननस शिकरणात दिसत नाही, तो शिऱ्यात दिसतो, मुरंब्यात दिसतो, गोव्याकडे नारळ-मोहरीच्या सासवात दिसतो. हे सगळं कुणी प्रयोगशाळेत ठरवलं नव्हतं. बिघडलेल्या पातेल्यांनी शिकवलं.

सीताफळाचं बरोबर उलटं. ते उकळलं की कडवट होतं. म्हणून सीताफळाची बासुंदी करताना दूध आटवून, खाली उतरवून, गार झाल्यावर गर घालतात.

पपई तर दोन ठिकाणी नोकरीला लागली. पिकली की फळ, कच्ची असली की भाजी. दुधी भोपळ्याची जागा रिकामी होतीच, तिथे कच्ची पपई जाऊन बसली. शिवाय केकमधली आणि आइस्क्रीमवरची लाल-हिरवी टुटीफ्रुटी असते ना? ती बहुतेक वेळा साखरेच्या पाकातली कच्ची पपईच असते. आयुष्यभर खाल्ली असेल, माहीत नसेल.

आणि पेरू? जरा पिकलेल्या पेरूची गूळ घालून, मोहरी-हिंगाची फोडणी दिलेली भाजी ज्यांनी खाल्लीय त्यांना पुढे काही सांगायची गरज नाही.

या सगळ्यात एक गोष्ट समान दिसते. नवीन फळासाठी आपण नवीन पदार्थ शोधला नाही. जुन्या पदार्थात त्याला जागा दिली. शिरा होता, मुरंबा होता, भाजी होती, कोशिंबीर होती. पाहुणा बदलला, पाट तोच.

आजीचा प्रश्न

आता येऊ उपासावर.

एकादशीचं ताट डोळ्यांसमोर आणा. साबुदाण्याची खिचडी, त्यात बटाटा, दाण्याचं कूट, हिरवी मिरची. शेजारी रताळ्याच्या फोडी. राजगिऱ्याचा लाडू. आता एकेकाचं मूळ गाव विचारा.

बटाटा दक्षिण अमेरिकेचा. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा. मिरची अमेरिकेची. रताळंही तिकडचंच. राजगिरा मूळचा मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचा. साबुदाणा आधी आग्नेय आशियातून यायचा, तिथल्या साबूच्या झाडाच्या खोडापासून केलेला. दुसऱ्या महायुद्धात ती आयात बंद पडली, तेव्हा तमिळनाडूतल्या सेलमकडे टॅपिओकाच्या कंदापासून साबुदाणा करायचा धंदा वाढला. आणि टॅपिओकाही दक्षिण अमेरिकेचाच.

म्हणजे आपलं सगळ्यात सोवळं ताट जवळजवळ पूर्ण परदेशी आहे!

असं का झालं? उपासाला वर्ज्य होतं ते मुख्यतः धान्य आणि कडधान्य. कंदमुळं आणि फळं चालायची. बाहेरून आलेले हे पदार्थ जुन्या वर्ज्य यादीत असणंच शक्य नव्हतं, त्यामुळे ते 'धान्य नाही ना, मग चालतं' या दारातून आत आले. आणि एकदा उपासाला चाललं की पदार्थाला घराची मान्यता मिळते. वर्षाला चोवीस एकादश्या, शिवाय चतुर्थी, श्रावणी सोमवार, नवरात्र. तेवढ्या वेळा त्याची आठवण होणार, तेवढ्या वेळा तो विकत आणला जाणार. आपल्या सटाण्याची देवमामलेदारांची यात्राही एकादशीचीच.

टोमॅटोकडे बघा. तोही अमेरिकेतूनच आला, शास्त्राप्रमाणे तोही फळच. पण बहुतेक घरांत उपासाला चालत नाही. तो रोजच्या आमटी-भाजीत गेला. म्हणजे दार एकच नाही. पण कुठलं तरी दार लागतंच.

म्हणून म्हणतो, आजीने धार्मिक प्रश्न विचारला असं आम्हाला वाटलं, पण तिचं म्हणणं वेगळं होतं. "हे माझ्या घरात कुठे बसणार?" एवढंच तिला हवं होतं.

बोंड

आमच्या घरी चार दिवस प्रयोग चालले. शिकरण केलं. लाल गराचं फळ घेतलं होतं, दूध झकास गुलाबी झालं आणि कडू झालं नाही. बारक्या पोरांनी वाट्या चाटल्या. मग आईने अननसासारखा शिरा करून बघितला. तिथे फसलो. लाल रंग तापवल्यावर मळकट झाला आणि चव कुठे गेली कळलंच नाही. आजी म्हणाली, "रंग बी गया, चव बी गई."

त्यालाही कारण आहे. या लाल रंगाचं द्रव्य बिटातल्यासारखंच आहे, बेटालेन. जास्त आच लागली की ते टिकत नाही. (आणि हो, लाल ड्रॅगन फ्रूट पोटभर खाल्लं की दुसऱ्या दिवशी संडास-बाथरूममध्ये लाल रंग दिसू शकतो. घाबरू नका, बिटाने होतं तसंच ते.)

तिसऱ्या दिवशी आजीने स्वतः लाल फळाची एक फोड उचलली. खाल्ली. जीभ लाल झाली. आणि अचानक म्हणाली, "हाई ते निवडुंगनं बोंड शे!"

आम्हाला कुणाला कळेना. मग तिने सांगितलं. लहानपणी गुरं राखायला जायची तेव्हा बांधावर फड्या निवडुंग असायचा. त्याची लाल बोंडं काठीने पाडायची, दगडावर घासून बारीक काटे काढायचे आणि खायची. घरी आल्यावर लाल जीभ बघून आई ओरडायची.

मंडळी, आजी शंभर टक्के बरोबर होती. फड्या निवडुंग आणि ड्रॅगन फ्रूट एकाच कुळातले. लाल रंगाचं द्रव्यही त्याच जातीचं. आणि तो बांधावरचा निवडुंगही मूळचा अमेरिकेचाच. ईस्ट इंडिया कंपनीने अठराव्या शतकाच्या अखेरीस त्यावर लाल रंग देणारे किडे पाळायचा खटाटोप केला होता. रंगाचा धंदा काही चालला नाही, पण निवडुंग दख्खनभर पसरला. शेवटी १९२६ च्या सुमारास दुसऱ्या जातीचा किडा आणून त्याला आवरावं लागलं. जो उरला तो बांधावर, आणि त्याची बोंडं गुराख्यांच्या पोटात.

म्हणजे आम्ही ज्याला अनोळखी म्हणत होतो त्याचा चुलतभाऊ आजीने सत्तर वर्षांपूर्वीच खाल्ला होता. तो खायला कुणी शिकवलं नव्हतं आणि त्याचे फोटोही कुणी काढले नव्हते.

कोशिंबीर

ओळख पटल्यावर आजीच स्वयंपाकघरात आली. तिचं निदान सोपं होतं. या फळात आंबट नाही, म्हणून ते सपक लागतं. बोंडाला जरा तरी आंबटपणा असायचा.

तर ही घ्या तिची कोशिंबीर. दोन लाल ड्रॅगन फ्रूट, बारीक फोडी. अर्धं लिंबू. चवीला सैंधव. एक हिरवी मिरची ठेचून. दोन-तीन चमचे दाण्याचं कूट. वरून तूप-जिऱ्याची फोडणी. मोहरी-हिंग नाही, कारण ही उपासाला चालली पाहिजे. कोथिंबीर तुमच्याकडे उपासाला चालत असेल तर घाला, नसेल तर राहू द्या. फोडणी जरा निवू द्यायची आणि मगच ओतायची, म्हणजे रंग राहतो. करून लगेच खायची, ठेवली की पाणी सुटतं.

वाटी संपली. कुणी फोटो काढला नाही, हे मला नंतर लक्षात आलं.

आता एक हिशोब सांगतो, तो मामालाही सांगितला. आपल्याकडे ड्रॅगन फ्रूटचा हंगाम साधारण जून ते नोव्हेंबर. आषाढी एकादशी ते कार्तिकी एकादशी म्हणजे चातुर्मास कधी असतो? त्याच महिन्यांत. श्रावण, गणपती, नवरात्र सगळं त्यातच. वर्षातला सगळ्यात जास्त उपासांचा काळ आणि या फळाचा काळ एकच आहे. बटाट्याला, साबुदाण्याला जे दार मिळालं ते याच्यासमोरही उघडं आहे. फक्त कुणीतरी सांगायला पाहिजे की हे ताटात कुठे बसतं.

मामा हसला. म्हणाला, "तुमच्या एका वाटीने माझा क्रेट खपणार आहे का?"

नाही खपणार. त्याचे खांब, त्याचं कर्ज, व्यापाऱ्याचा भाव, यातलं काही आमच्या कोशिंबिरीने बदलत नाही. पण बटाटाही कुणाच्या तरी एका पातेल्यातूनच सुरू झाला असणार. जाताना मामाने आजीला विचारून कोशिंबिरीचं प्रमाण मोबाईलमध्ये रेकॉर्ड करून घेतलं. यंदा आषाढीच्या आठवड्यात तो क्रेटसोबत ते रेकॉर्डिंगही गिऱ्हाइकाला पाठवणार आहे, सटाण्यातल्याच घरांमध्ये, दोन-दोन किलोच्या पिशव्या करून.

बघू काय होतं ते. तुम्हाला कळवीन.

तोपर्यंत तुमच्यासाठी एक काम. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला विचारा, "तुमच्या लहानपणी घरात पहिल्यांदा आलेलं फळ किंवा भाजी कोणती? आणि पहिल्यांदा तिचं काय केलं?" उत्तर मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि आम्हाला पाठवा. असा इतिहास पुस्तकात कमी आणि बाजेवर बसलेल्या माणसांकडे जास्त आहे.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत, खा आणि विचारत राहा!